पोटमाळ्यावरचा स्पेक्ट्रम: टीव्हीवर चित्र आणि मागच्या खाचेत कार्ड

पोटमाळा

मंडळी, जुन्या कॉम्प्युटरबद्दल हा धागा काढतोय. गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना मामाच्या पोटमाळ्यावर पितळी भांडी, गणपतीचं मखर आणि एक थर्माकोलचा खोका सापडला. खोक्यात डीबी स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती कॉम्प्युटर होता. ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीच्या परवान्याने १९८६ मध्ये डेसिबेल्स कंपनीने भारतात आणला, तोच. मामाने पहिली नोकरी लागल्यावर घेतलेला. मी तेव्हा सात वर्षांचा होतो आणि बेसिक भाषेतली, पडद्याच्या कडेचा रंग बदलणारी 'बॉर्डर २' ही ओळ मला मराठी बाराखडीइतकी पाठ होती.

मामा आता साठीच्या पुढे आहे. मशीन पुन्हा चालू करून त्याच्यासमोर ठेवायचं, एवढं ठरवलंय. पण घरातल्या टीव्हीला अँटेनाची जागा असली तरी त्यावर कुठलं चॅनेल लावायचं ते कळत नाही. माझे दोन प्रश्न:

१. आजच्या टीव्हीवर स्वच्छ चित्र कसं आणायचं?
२. मागच्या खाचेत बसणारं कार्ड मी स्वतः बनवू शकतो का? डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स कॉलेजात शिकलोय, सोल्डरिंग येतं, पण झेड८० प्रोसेसरच्या बसला (पत्ते आणि डेटा नेणाऱ्या तारांना) आजवर हात लावलेला नाही.

चालू केल्यावर काय दिसलं ते अजून सांगता येत नाही, कारण अजून वीज दिलेली नाही.

पिक्चरट्यूब

वीज दिली नाहीस हे फार बरं केलंस. दादरला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान एकोणतीस वर्षं होतं, आणि ही मशीनं आजारापेक्षा घाईने जास्त मेलेली मी पाहिली आहेत.

पहिली गोष्ट अ‍ॅडॅप्टर. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात, पण मधली पिन ऋण आहे. बाजारात मिळणारे बहुतेक अ‍ॅडॅप्टर मधली पिन धन असलेले. तसा लावलास तर खेळ संपला. जुना मूळ अ‍ॅडॅप्टर असला तरी मीटरने तपासल्याशिवाय लावू नकोस.

दुसरी गोष्ट खालची १६ के मेमरी. त्या आठ चिपा ४११६ जातीच्या, बोर्डावर आयसी६ ते आयसी१३. त्यांना तीन व्होल्टेज लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५, आणि पिन १६ जमीन. हे उणे ५ आणि १२ आतल्या छोट्या कॉइल-ट्रान्झिस्टरच्या सर्किटातून येतात. ते सर्किट बसलं की चिपा एकेक करून जातात. तेव्हा मशीन उघड, वीज दे, पंधरा सेकंदांत ही तीन मापं घे, बंद कर. मापं लिहून इथे टाक.

तिसरी गोष्ट तुझ्या चॅनेलची. स्पेक्ट्रमचा मॉड्युलेटर (चित्राचा सिग्नल टीव्हीच्या चॅनेलवर चढवणारी डबी) यूएचएफच्या ३६ व्या चॅनेलवर बोलतो, कारण तो ब्रिटनसाठी बनला. आपल्याकडे दूरदर्शन व्हीएचएफवर, त्यामुळे तेव्हाच्या कित्येक टीव्हींत यूएचएफचा ट्यूनरच नसायचा. माझ्याकडे लोक स्पेक्ट्रम घेऊन यायचे आणि म्हणायचे, 'काका, मशीन बिघडलंय.' मशीन ठणठणीत असायचं, टीव्हीला ते ऐकूच येत नसायचं. मग सरळ व्हिडिओ सिग्नल टीव्हीच्या आत द्यायचा. पण त्या काळच्या बऱ्याच टीव्हींची चासी थेट मेनला जोडलेली असायची. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर न लावता तसं करणं म्हणजे मुलाच्या हातात २३० व्होल्टचा की-बोर्ड देणं. मी ट्रान्सफॉर्मरशिवाय एकही जोडला नाही, आणि त्यावरून गिऱ्हाइकांशी भांडणंही झाली.

आजच्या टीव्हीला तो धोका नाही. तुझ्या टीव्हीला पिवळी आरसीए खाच असेल तर काम सोपं आहे.

मुलुंडकर

वाचतोय. माझ्याकडे बीबीसी मायक्रो हा तेव्हाचाच कॉम्प्युटर आहे. १९८४ मध्ये शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू झाला, त्यात ही मशीनं आली होती. आमच्या शाळेने भंगारात काढलं तेव्हा मी वजनाच्या भावाने घेतलं. चालू केलं आणि दहाव्या मिनिटाला पॉवर सप्लायमधून पांढरा धूर. इतका कुबट वास की शेजारच्या आजी विचारायला आल्या.

पिक्चरट्यूब

मुलुंडकर, मशीनला काही झालेलं नाही. सप्लायमध्ये मेनच्या दोन टोकांना लावलेला पारदर्शक पिवळसर कवचाचा कागदी कपॅसिटर आहे. वर्षं गेली की कवचाला बारीक चिरा जातात आणि हवेतला ओलावा आत शिरतो. आपल्याकडे चार महिने पावसाळा आणि बारा महिने खारी हवा. त्याने फुटायचंच होतं. तसाच एक्स२ दर्जाचा (मेनवर लावण्यासाठीचा) नवा लाव, साधा लावू नकोस. सप्लायमध्ये त्याचा धाकटा भाऊपण असतो, तोही बदल.

पोटमाळा

काका, मापं: ४.९८, ११.९, उणे ५.१. हात थरथरत होते, पण तिन्ही आली! मागच्या खाचेच्या पट्ट्या मात्र काळ्या-हिरव्या पडल्यात. चौपाटी दोन मिनिटांवर, त्यामुळे असेल. शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासल्या, मग आयसोप्रोपिलने पुसल्या. आता चकाकतात.

मॉड्युलेटरची पत्र्याची डबी उघडली. आत दोन तारा येतात, एक ५ व्होल्टची, एक व्हिडिओची. ५ व्होल्टची सोडवून टेपने झाकली. खाचेला जाणारा आतला रेझिस्टर काढला आणि व्हिडिओची तार १०० मायक्रोफॅराडच्या कपॅसिटरमधून सरळ त्याच आरसीए खाचेला दिली. बाहेरून पेटीला एक भोकही पाडलं नाही. पिवळी केबल लावली. काळा पडदा. मग पांढरा. आणि खाली तळाशी सिंक्लेअरची ती १९८२ ची कॉपीराइटची ओळ.

मामाला फोन लावला. तो काही बोललाच नाही, फक्त विचारलं, 'बॉर्डर बदलतोय का?'

बदलतोय. पण चित्रात दोन दोष आहेत. रंगांच्या कडांवर मुंग्या चालल्यासारख्या दिसतात. आणि एका खेळात विमानाला गोळी लागली की ते लुकलुकायचं, तसं आता दिसतच नाही. विमान अर्धवट गायब राहतं.

सिंकपल्स

पोटमाळा, अभिनंदन! दोन्ही दोष तुझ्या सोल्डरिंगचे नाहीत.

मुंग्या अशासाठी की या बोर्डावर ठोके देणारे दोन क्रिस्टल आहेत. १४ मेगाहर्ट्झचा पिक्सेलसाठी आणि ४.४३३६ मेगाहर्ट्झचा 'पाल' (आपल्याकडची टीव्ही पद्धत) रंगासाठी. दोघांची एकमेकांशी गाठ नाही, म्हणून रंगाची लहर प्रत्येक ओळीत जरा सरकते आणि कडेवर चालताना दिसते. कॉम्पोझिट, म्हणजे प्रकाश आणि रंग एकाच तारेत, वापरलंस तर हे राहणारच.

विमानाचं कारण निराळं आहे. खऱ्या पाल प्रसारणात चित्राच्या ६२५ ओळी दोन फेऱ्यांत येतात, सम आणि विषम. स्पेक्ट्रम दर फेरीला ३१२ ओळी काढतो आणि त्या प्रत्येक वेळी त्याच जागी पडतात. जुन्या पिक्चर ट्यूबला याने फरक पडत नव्हता. आजचा टीव्ही मात्र समजतो की या दोन अर्ध्या फेऱ्या आहेत आणि त्या एकमेकींत विणतो. एका फेरीत दिसणारं आणि पुढच्या फेरीत न दिसणारं विमान त्या विणकामात हरवतं.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. मी इंजिनीअरिंग कॉलेजात मायक्रोप्रोसेसर शिकवते आणि पहिल्याच तासाला मुलांना सांगते, की घरगुती कॉम्प्युटरचं डिझाइन म्हणजे चाळीतल्या सार्वजनिक नळाचं भांडण आहे. मेमरी एक. चित्र काढणाऱ्याला ती हवी, प्रोसेसरलाही हवी. पाणी कोणी केव्हा भरायचं? त्या काळच्या प्रत्येक डिझाइनरने याचं वेगळं उत्तर दिलं, आणि मशीनचा स्वभाव त्या उत्तरातून आला.

१९७७ च्या अ‍ॅपल टू मध्ये वॉझ्नियॅकने पाळी लावली: एक हंडा तुझा, एक माझा. ६५०२ प्रोसेसर घड्याळाच्या अर्ध्या ठोक्यातच मेमरीला हात लावतो, उरलेल्या अर्ध्यात चित्र वाचून होतं. आणि चित्र वाचता वाचताच डायनॅमिक मेमरीचं रिफ्रेशही (तिने विसरू नये म्हणून उजळणी) होतं, वेगळी सोय लागत नाही. मला हे डिझाइन आजही फार सुंदर वाटतं.

बीबीसी मायक्रोने नळच मोठा बसवला. प्रोसेसर २ मेगाहर्ट्झचा, मेमरी ४ ची. दोघांनाही वाटतं आपण एकटेच आहोत.

कमोडोर ६४ मध्ये एरवी पाळी, पण दर आठव्या ओळीला चित्राची व्हिक चिप अक्षरांची नावं वाचायला सुमारे ४० ठोके सलग ओढून घेते आणि प्रोसेसर थांबून राहतो.

एमएसएक्स जातीच्या मशीनांनी चित्राला वेगळं कनेक्शन घेतलं. टीएमएस९९१८ घराण्यातल्या चिपेला स्वतःची १६ के मेमरी. भांडण संपलं, पण प्रोसेसरला चित्रात काही बदलायचं तर शेजाऱ्याच्या खिडकीतून एकेक तांब्या द्यावा लागतो.

१९८१ च्या झेडएक्स८१ मध्ये तर प्रोसेसरच चित्र काढायचा. 'फास्ट' म्हटलं की तो हिशेबाला लागायचा आणि पडदा कोरा.

आणि तुझा स्पेक्ट्रम. यूएलए नावाची चिप शेजाऱ्याचा हात धरते. चित्राच्या १९२ ओळींमध्ये, प्रत्येक ओळीच्या २२४ ठोक्यांपैकी १२८ ठोके तिचं वाचन चालू असतं. त्या वेळात प्रोसेसरने खालच्या १६ के मेमरीकडे हात नेला तर ती त्याचं घड्याळच रोखून धरते. वरच्या ३२ के ला तिचा अडथळा नाही.

पडद्याच्या ओळी मेमरीत इतक्या विचित्र क्रमाने का, याचंही उत्तर इथेच आहे. कुठल्याही आठ पिक्सेलच्या पत्त्याचा खालचा बाइट आणि त्याच चौकोनाच्या रंगाच्या पत्त्याचा खालचा बाइट एकच असतो. त्यामुळे ४११६ चिपेला ओळीचा पत्ता एकदाच द्यायचा आणि स्तंभाचे दोन, पिक्सेलचा आणि रंगाचा. दोन हंडे भरायचे, पण रांगेत एकदाच उभं राहायचं. माणसाला गैरसोयीचा, चिपेला सोयीचा.

कार्ड बनवताना हे डोक्यात असू दे. तुझं कार्ड म्हणजे त्याच नळावर आलेला नवा भाडेकरू.

दर्यावर्दी

सिंकपल्सताई, वाचनखूण साठवली. नळाचं उदाहरण आमच्या परळच्या चाळीला तंतोतंत लागू.

माझं सी६४ (कमोडोर ६४) वडिलांनी दुबईहून आणलेलं, पाल. त्यात प्रकाश आणि रंगाचे सिग्नल वेगवेगळ्या पिनांवर येतात, त्यामुळे एस-व्हिडिओची केबल बनवून मी कडेच्या मुंग्यांपासून सुटलो. रंगाच्या तारेत ३०० ओमचा रेझिस्टर घाला, नाहीतर लाल रंग डोळ्यांत घुसतो. आणि मूळ पॉवर सप्लाय वापरू नका! त्याचा रेग्युलेटर गेला की ५ व्होल्टच्या जागी जास्त व्होल्ट जातात आणि मेमरी चिपा भाजतात. माझ्या दोन गेल्या.

पोटमाळा

ताई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून टेबलासमोर लावला आहे.

एक महिना गेला, आता अहवाल देतो. कार्डासाठी पहिली अडचण खाचेत बसणाऱ्या कनेक्टरची. स्पेक्ट्रमला २८ गुणिले २ चा, २.५४ मिलिमीटर अंतराचा लागतो, आणि पाचव्या जागी आडवी पट्टी, म्हणजे उलटा बसू नये. लॅमिंग्टन रोडवर ग्रँट रोड स्टेशनपासून सुरुवात करून दोन्ही बाजूंची दुकानं पालथी घातली. कोणाकडे नाही. एका दुकानदाराने 'आहे, आहे' म्हणून ३.९६ अंतराचा दिला आणि परत घेईना.

शेवटी उपाय निघाला तो कुर्ल्याच्या भंगारात. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचे काळे लांब आयएसए स्लॉट आठवतात? आठ बिटांचा स्लॉट म्हणजे ३१ गुणिले २, अंतर तेच २.५४. हॉट एअरने काढले, तीन ओळी करवतीने कापल्या, पाचव्या जागचे दोन संपर्क चिमट्याने ओढून काढले आणि तिथे प्रिंटेड सर्किटचा नखाएवढा तुकडा घट्ट बसवला. खाचेत घातला तर असा बसला की जणू तिथलाच.

आधी सोपं कार्ड म्हणून केम्पस्टन जॉयस्टिक केलं. पोर्ट ३१. कार्ड फक्त वाचायचं, म्हणून ७४एचसीटी२४४ ही एक बफर चिप. त्याला उघडायचं कधी? आयओआरक्यू (पोर्टला हाक देणारी तार) खाली आणि ए५ (पत्त्याची एक तार) खाली असेल तेव्हा. त्यासाठी ७४एचसीटी३२ मधलं एक गेट. झालं. बेसिकमध्ये चाचणी केली, दांडी उजवीकडे केली की १, डावीकडे २. खेळही चालले.

पण सगळे नाही. एक खेळ पाचेक मिनिटं चालतो आणि एकदम पडदा कचरा होऊन मशीन रीसेट. कार्ड काढलं की तासभर चालतो. दुसरा खेळ सुरूच होत नाही. तिसऱ्याला काहीच होत नाही. चार रात्री गेल्या. सोल्डर पुन्हा तापवलं, कपॅसिटर वाढवले, पट्ट्या पुन्हा घासल्या. काही फरक नाही. कोणी सांगेल का?

सिंकपल्स

आरडी कुठे आहे?

पोटमाळा

आरडी घेतलाच नाही. पोर्टवर लिहायचं नाहीये, मग वाचन-लेखन ओळखायचं कशाला, असं वाटलं.

सिंकपल्स

तिथेच आहे तुझा चोर.

आयओआरक्यू दोन कामांना खाली येतो. एक, पोर्टशी बोलताना. दुसरं, इंटरप्ट (हातातलं काम थांबवायची हाक) आला की 'मिळाला' असं सांगताना. दुसऱ्या वेळी सोबत एम१ हा सिग्नल खाली असतो आणि आरडी वरच राहतो. स्पेक्ट्रममध्ये हा इंटरप्ट सेकंदाला ५० वेळा येतो.

त्या क्षणी पत्त्याच्या तारांवर असतो प्रोग्राम काउंटर, म्हणजे पुढच्या आज्ञेचा पत्ता. त्याचा पाचवा बिट शून्य असला की तुझं कार्ड समजतं आपल्यालाच हाक मारली, आणि जॉयस्टिकचा बाइट बसवर टाकतं. दांडी मधे असेल तर ०. एरवी तिथे कोणीच बोलत नाही, म्हणून २५५ वाचला जातो.

इंटरप्ट मोड १ मध्ये झेड८० हा बाइट बघतच नाही, म्हणून बेसिक आणि बरेच खेळ सुखरूप. मोड २ मध्ये तोच बाइट उडीच्या तक्त्यातली जागा ठरवतो. ज्या खेळाने २५५ गृहीत धरून एकच जागा भरली, तो ० आल्यावर भलतीकडे उडी मारतो. तुझा तिसरा खेळ बहुतेक २५७ बाइटांचा पूर्ण तक्ता एकाच आकड्याने भरत असेल. त्याला बसवर काय आलं याची फिकीर नाही. आणि जो खेळ इंटरप्टची वाट बघत हॉल्टवर थांबतो, त्याचा प्रोग्राम काउंटर दर वेळी तोच, म्हणून तो एकतर कधीच मरत नाही किंवा सुरूच होत नाही.

तुझ्या ७४एचसीटी३२ मध्ये चार गेट आहेत, वापरलंस एक.

पोटमाळा

दुसऱ्या गेटातून आरडी घेतला. एक तार, दोन सोल्डर. पहिला खेळ कालपासून चालू आहे, दुसरा सुरू झाला.

चार रात्री मी सोल्डरला दोष देत होतो आणि न वापरलेलं गेट त्याच चिपेत बसून होतं. ताई, मनापासून आभार.

नवशिक्या

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. एक शंका: कार्ड चालू मशीनमध्ये लावलं तर चालतं का? यूएसबीसारखं?

पिक्चरट्यूब

अजिबात नाही, बाळा. त्या खाचेत ९ व्होल्ट आणि डेटाच्या तारा एकाच रांगेत आहेत. जरा तिरकं गेलं तरी प्रोसेसर गेला. वीज बंद, पाच सेकंद थांब, मग हात लाव. काढतानाही तेच.

पोटमाळा

आता चित्राच्या कार्डाबद्दल. कॉम्पोझिटच्या मुंग्या आणि ते हरवणारं विमान मला सोडायचं नव्हतं. ताईंच्या नळावरून कल्पना सुचली: मी नळाला हातच लावत नाही. फक्त कोण काय भरून नेतंय ते बघत बसतो.

स्पेक्ट्रमचा पडदा म्हणजे १६३८४ पासून ६९१२ बाइट, त्यातले ६१४४ पिक्सेल आणि ७६८ रंग. प्रोसेसर तिथे जे जे लिहितो ते मी कार्डावर टिपलं, तर माझ्याकडे पडद्याची हुबेहूब नक्कल तयार होते. बॉर्डरसाठी ए० खाली असलेल्या पोर्टवरचं लेखन, खालचे तीन बिट. नक्कल आहे म्हटल्यावर ती कुठल्याही नव्या रूपात टीव्हीला देता येते.

टिपायला रास्पबेरी पाय पिको हा छोटा कंट्रोलर बोर्ड घेतला, आरपी२०४० चिपेचा. अडचण एक, त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आणि बस ५ ची. म्हणून मधे ७४एलव्हीसी२४५ बफर, ३.३ वर चालवलेले. त्यांना आत येणारे ५ व्होल्ट सोसतात. अडचण दोन, बोर्डावर पिना २६ आणि बसच्या तारा १६ पत्त्याच्या, ८ डेटाच्या, वर नियंत्रणाच्या. म्हणून तीन २४५ एकाच आठ पिनांवर जोडले आणि आळीपाळीने उघडले. आठ अधिक तीन उघडण्याच्या, चार नियंत्रणाच्या, आठ टीव्हीकडे जाणाऱ्या. २३ झाल्या, तीन उरल्या.

वेळ पुरेल का, ही खरी भीती होती. ३.५ मेगाहर्ट्झला एक ठोका २८६ नॅनोसेकंदांचा, आणि डब्ल्यूआर (लेखनाचा सिग्नल) साधारण तेवढाच वेळ खाली राहतो. पिको २७० मेगाहर्ट्झवर चालवतो, म्हणजे त्या वेळात त्याचे ७७ ठोके. पत्त्याचा वरचा बाइट आधी वाचायचा. पडद्याचा नसेल तर तिथेच सोडून द्यायचं, असेल तर खालचा आणि डेटा. तीन वाचनं आरामात होतात.

वीज स्पेक्ट्रमच्या ५ व्होल्टवरून घेतली नाही. आतला ७८०५ रेग्युलेटर आधीच हात भाजेल इतका तापतो. खाचेतल्या ९ व्होल्टवरून छोटा बक कन्व्हर्टर (व्होल्ट उतरवणारा) लावला.

टीव्हीकडे डीव्हीआय सिग्नल, चार जोड्या, प्रत्येक तारेत २७० ओम. एचडीएमआयची केबल लावली आणि चित्र आलं. कागदावर छापल्यासारखं. कडा कापलेल्या, मुंग्या नाहीत, विमान लुकलुकतं. पण स्क्रोल होणाऱ्या खेळात दर थोड्या वेळाने एक ठेच लागते. ६० हर्ट्झवरून ५० वर आणलं तरी साधारण बारा सेकंदांनी एक ठेच आहेच.

सिंकपल्स

बारा सेकंद म्हणालास? मग हिशेब कर. स्पेक्ट्रमची एक फेरी ६९८८८ ठोक्यांची. ३५ लाखांना त्याने भाग. ५०.०८ येतात. तुझा टीव्ही ५०.०० वर. फरक ०.०८, म्हणजे साडेबारा सेकंदांत एक फेरी जास्तीची.

५० हर्ट्झच्या ५७६ ओळींच्या मोडमध्ये एकूण ओळी किती ठेवल्यास?

पोटमाळा

ठरलेल्या. २७ मेगाहर्ट्झ, ओळीला ८६४ पिक्सेल, एकूण ६२५ ओळी.

...थांबा. स्पेक्ट्रमच्या ३१२ ओळी, प्रत्येक ६४ मायक्रोसेकंदांची. माझी प्रत्येक ओळ ३२ ची. दुप्पट केल्या तर ६२४.

सिंकपल्स

एक ओळ कमी कर.

पोटमाळा

केली. ६२४. टीव्हीने विनातक्रार घेतलं. क्रिस्टलांमधला उरलासुरला फरक आयएनटीच्या (इंटरप्टच्या तारेच्या) प्रत्येक फेरीशी जुळवून घेतो. अर्धा तास स्क्रोल बघत बसलो, एकही ठेच नाही. कार्डातून एक ओळ काढल्यावर दोन मशीनं एका तालात आली, हे मी झोपताना दोनदा आठवलं.

ऑफिसच्या जुन्या मॉनिटरने मात्र ५० हर्ट्झला 'आउट ऑफ रेंज' म्हणून हात वर केले. त्यासाठी ६० चा मोड एका जंपरवर ठेवला आहे.

मुलुंडकर

माझा बीबीसी मायक्रोही उठला! कपॅसिटर बदलले, बाकी सगळं शाबूत. त्यात मागे सहा पिनांची आरजीबी खाच आहे, तयार डिजिटल सिग्नल. आरजीबी-टू-एचडीएमआयचं खुलं डिझाइन वापरलं: एक छोटी सीपीएलडी चिप (हवी तशी जुळवता येणारी) आणि रास्पबेरी पाय झीरो. मोड ७ मधली टेलिटेक्स्टची गोल अक्षरं पाहून बायकोही म्हणाली, अक्षर छान आहे.

पोटमाळा

काल मामाला घेऊन आलो. त्याला कार्ड दाखवलं, पण त्याचं लक्ष टेपरेकॉर्डरवर. स्वतःच कॅसेट घातली, लोड लिहिलं आणि प्ले दाबलं.

मला धाकधूक होती. लोडिंगच्या पट्ट्या म्हणजे बॉर्डरचा रंग एका फेरीत कित्येकदा बदलतो. नुसता शेवटचा रंग टिपला तर पट्ट्या दिसतच नाहीत. म्हणून मी प्रत्येक बदलासोबत आयएनटीपासून किती ठोके झाले तेही लिहून ठेवतो आणि पुढच्या फेरीत तो रंग त्या ओळीवर काढतो. सुरुवातीच्या लांब सुराचा एक ठोका २१६८ चा असतो. ओळीला २२४, म्हणजे पट्टी जवळपास पावणेदहा ओळींची यायला हवी.

लाल आणि आकाशी पट्ट्या आल्या, हळूहळू वर सरकत. मग निळ्या-पिवळ्या, बारीक आणि जाड मिसळलेल्या. मी फोटो काढून ओळी मोजल्या. लाल पट्टी काही ठिकाणी नऊ, बहुतेक ठिकाणी दहा.

मामा पट्ट्यांकडे बघत म्हणाला, 'हेड जरा घासलंय. निळा मधे अडखळतो.' आणि खरंच, तिसऱ्या मिनिटाला लोडिंग एरर. त्याने खिशातून छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला, हेडचा स्क्रू पाव फेरा फिरवला, कॅसेट मागे घेतली. दुसऱ्या वेळी लोड झालं.

नवशिक्या

पोटमाळादादा, मला सर्किट मिळेल का? माझ्याकडे स्पेक्ट्रम नाही, पण मिळवीन.

पोटमाळा

देतो, रविवारी आकृती धाग्यात टाकतो. जॉयस्टिकच्या कार्डापासून सुरुवात कर, आणि आरडी विसरू नकोस. कुर्ल्याहून आणलेले तीन आयएसए स्लॉट अजून उरलेत, एक कापून ठेवला आहे. ग्रँट रोडच्या पुलाखाली भेटलास तर घेऊन येतो.